बेटं कमी करा, मुक्काम वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्रातल्या बेटांवर तुम्ही अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार, फोटो तर इतके सुंदर होते की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तेच फिरत होते. पण त्याच पानावर खाली जो नमुना कार्यक्रम छापलाय, 9 दिवसांत ग्रीसची 6 बेटं, मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी, मिलोस आणि क्रीट, आणि वर मथळा काय तर 'निवांत सुट्टी', ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, काटछाट करायची तर जरूर करा पण फेरीबोटीचा आणि वाऱ्याचा भाग तेवढा ठेवा, कारण पुण्यातून दरवर्षी किती तरी जण, त्यात साठी ओलांडलेले जास्त, असलेच कार्यक्रम बघून पैसे भरतात आणि परत आल्यावर आठवडाभर अंथरुणावर पडून असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की निवांत जायचं असेल तर दोन बेटं घ्या, फार तर तीन, ती एकाच फेरीच्या वाटेवरची घ्या आणि प्रत्येक ठिकाणी निदान चार रात्री राहा. बाकी सगळं, हॉटेल कुठलं, रेस्टॉरंट कुठलं, फोटो कुठून काढायचा, हे नंतर ठरवलं तरी चालतं, पण हा पहिला निर्णय चुकला की पुढचं कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

आता बेट बदलायचं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते बघा. नकाशावर पारोस आणि नॅक्सोस अगदी शेजारी-शेजारी, फेरीला तासभरसुद्धा लागत नाही, त्यामुळे कागदावर ते सोपं दिसतं. पण सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, बोट दुपारची, मधले तीन-चार तास बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न, मग बंदरावर अर्धा-पाऊण तास आधी जाऊन उन्हात उभं राहायचं, बोट आधीच्या दोन बेटांवर थांबत येत असते त्यामुळे तिला उशीर, तिकडे उतरल्यावर नवीन खोलीवाल्याला फोन, नवीन चावी, गरम पाणी कसं चालू करायचं ते समजून घ्यायचं, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या आणायच्या कारण बऱ्याच बेटांवर नळाचं पाणी लोक पीत नाहीत, आणि हे सगळं होईपर्यंत संध्याकाळ. म्हणजे एक तासाच्या प्रवासाला एक दिवस गेला. तुमच्या कार्यक्रमात 6 बेटं आहेत, म्हणजे बेटांमधले 5 प्रवास, त्यात अथेन्सहून जायचा एक आणि परत यायचा एक धरला तर 9 दिवसांत 7 प्रवास. मग समुद्रात पाय कधी बुडवायचे?

आणि ती फेरी एकदा जवळून बघितली की कळतं हे वयस्कर माणसांना किती जड जातं. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, ती सत्तरीच्या पुढची. बोट धक्क्याला लागायच्या बरीच आधी स्पीकरवर बेटाचं नाव पुकारतात, की सगळे अरुंद जिन्यांवरून खाली गाड्यांच्या डेकवर उतरायला लागतात, सरकता जिना असला तर नशीब. तिथे भिंतीला लागून लोखंडी रॅक असतात आणि त्यावर बेटांची नावं लावलेली, चढताना ज्याने त्याने आपल्या बेटाच्या रॅकमध्ये बॅग ठेवायची आणि आता त्या ढिगातून स्वतःची बॅग ओढून काढायची. ट्रकवाल्यांनी इंजिनं चालू केलेली असतात, डिझेलचा वास, साखळ्यांचा खडखडाट, पायाखाली लोखंडी पत्रा आणि त्यावर ओल, आणि मग मागचा तो प्रचंड दरवाजा हळूहळू खाली येतो आणि एकदम डोळे दिपतील असं ऊन आत येतं. बोट थांबते ती काही मिनिटंच, लालपरी फाट्यावर थांबते तशी, उतरणारे उतरतायत तोवर चढणारे समोर उभे, त्यांच्यामध्ये मोटरसायकली आणि टेम्पो, आणि खलाशी हात हलवून सगळ्यांना लवकर लवकर म्हणतोय. पहिल्यांदा हे फार रोमांचक वाटतं, आईलाही वाटलं, ती अजून सांगते सगळ्यांना. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने हेच दर दीड दिवसाने करायचं म्हटलं तर त्याला सुट्टी कसं म्हणणार.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ही तुमच्या पानावर अजिबातच नव्हती. ग्रीस आणि तुर्कीमधल्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून एक वारा वाहतो, तिकडे त्याला मेल्तेमी म्हणतात. जोर मुख्यतः जुलै आणि ऑगस्टमध्ये. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त आणि तुर्कीच्या तापलेल्या पठारावर कमी, आणि तो कमी दाबाचा पट्टा थेट आपल्या मान्सूनच्या कमी दाबापर्यंत जोडलेला असतो, म्हणजे आपल्याकडे सिंहगडावर ढग उतरलेले असतात तेव्हा तिकडे निळं स्वच्छ आकाश आणि तरीही दिवसेंदिवस सोसाट्याचा वारा. आकाश बघून काहीच कळत नाही, ऊन पडलंय, सगळं छान दिसतंय आणि बंदर अधिकाऱ्यांनी बोटी बंद केलेल्या. आधी छोट्या आणि वेगवान कॅटमरान थांबतात, वारा आणखी वाढला की गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीसुद्धा. अशा वेळी युरोपियन युनियनचा 2010 चा जलप्रवाशांचा नियम आहे, त्यानुसार बोट रद्द झाली तर एक तर दुसऱ्या बोटीने न्यायचं नाही तर तिकिटाचे पैसे परत, हा तुमचा हक्क आहे. पण वाऱ्यामुळे रद्द झाली असेल तर हॉटेलचा खर्च किंवा नुकसानभरपाई त्यांना द्यावी लागत नाही. म्हणजे पुढच्या बेटावरचं बुकिंग गेलं, या बेटावर आयत्या वेळी खोली शोधा, आणि पुढचे सगळे टप्पे एकमेकांत अडकलेले असले तर पत्त्यांचा बंगला कोसळतो. दोन बेटं असली तर एखादा दिवस इकडचा तिकडे झाला तरी काही बिघडत नाही.

म्हणूनच माझी कळकळीची विनंती, हे चौकटीत छापा हवं तर, की परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. शेवटची रात्र अथेन्सला, किंवा जिथून विमान आहे त्या शहरात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने एका टूरवाल्याकडून बुकिंग केलं होतं त्यात सकाळची बोट आणि त्याच संध्याकाळचं मुंबईचं विमान असं होतं, वारा सुटला, बोट गेली नाही, विमान चुकलं, आणि आयत्या वेळची नवीन तिकिटं काढायला जे पैसे गेले त्यात अजून एक सुट्टी झाली असती.

आता कधी जायचं. इथे आपलं पुण्याचं कॅलेंडर आणि तिकडचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघायला हवं, हे काम पुण्यातल्या वर्तमानपत्रानेच करायला पाहिजे ना. मे महिना शाळांच्या सुट्टीमुळे सोयीचा आणि खरोखर चांगलाही, डोंगर हिरवे असतात, रानफुलं असतात, गर्दी कमी, फक्त समुद्राचं पाणी तेव्हा गार असतं, मेच्या सुरुवातीला 19 अंशांच्या आसपास, त्यामुळे मुलांना डुंबायचं असेल तर मेचा शेवट किंवा जूनची सुरुवात बघा. जुलै-ऑगस्ट शक्यतो नको, वारा, गर्दी, भाव सगळंच चढलेलं. आपल्याकडे 15 ऑगस्टला जोडून रजा टाकायची सवय आहे पण तिकडे 15 ऑगस्ट हा मरियममातेचा मोठा सण, सगळा ग्रीस त्या आठवड्यात आपापल्या गावी निघालेला असतो, टिनोस बेटावर तर देशभरातून भाविक येतात आणि बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत काही जण गुडघ्यांवर रांगत जातात, बघण्यासारखं आहे पण आधी तिकिटं न काढता त्या दिवसांत फेरी मिळेल या भरवशावर कुणी जाऊ नये. सगळ्यात उत्तम म्हणजे गणपती विसर्जन झालं की निघायचं. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा 23-24 अंशांना असतो, मेल्तेमीचा जोर ओसरलेला, खोल्यांचे भाव उतरलेले, आणि इकडे पितृपक्षात लग्नकार्यं वगैरे नसतात त्यामुळे ज्येष्ठ मंडळी मोकळी असतात. मात्र दिवाळीच्या सुट्टीत सायक्लेड्सला, म्हणजे पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी वगैरे बेटांच्या समूहाला, जाऊ नका, ऑक्टोबर संपला की छोट्या बेटांवरची हॉटेलं, खानावळी बंद व्हायला लागतात, फेऱ्या कमी होतात. दिवाळीतच जायचं असेल तर माल्टा, सिसिली, सायप्रस किंवा क्रीट, जिथे बारा महिने वस्ती आणि बाजार चालू असतात.

कुठली बेटं घ्यायची हे विचाराल तर मी नॅक्सोस आणि पारोस सांगेन, आणि का ते जरा सविस्तर सांगते. अथेन्स विमानतळावरून मेट्रोची 3 नंबरची लाइन 2022 पासून थेट पिरियस बंदरापर्यंत जाते, टॅक्सीची गरज नाही. पिरियसहून सँटोरिनीला जाणाऱ्या बहुतेक मोठ्या फेरी पारोस, नॅक्सोस करतच पुढे जातात, म्हणजे ही एक सरळ वाट आहे, त्यात मागे-पुढे जावं लागत नाही. नॅक्सोसला मोठ्या फेरीने साधारण साडेपाच तास लागतात, वेगवान बोटीने वेळ वाचतो पण ती महाग, बंदिस्त, आणि लाटा असल्या की पोटात ढवळतं, मोठ्या फेरीत डेकवर बसता येतं, चहा-कॉफी मिळते, बेटं हळूहळू जवळ येताना दिसतात. आयुष्यात एकदा जातोय तर मोठ्या बोटीनेच जा असं माझं स्पष्ट मत आहे.

नॅक्सोस हे सायक्लेड्समधलं सगळ्यात मोठं बेट आणि ते फक्त पर्यटनावर जगत नाही हा मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. तिथे शेती आहे, बटाटा होतो, त्याला युरोपात भौगोलिक मानांकन आहे, ग्रावियेरा नावाचं चीज होतं, संगमरवराच्या खाणी आहेत. बंदरात शिरताना डाव्या हाताला एका छोट्या टेकाडावर नुसती संगमरवरी चौकट उभी दिसते, पोर्तारा, जवळपास 6 मीटर उंच. इसवी सन पूर्व सहाव्या शतकात तिथल्या लिग्डामिस नावाच्या राज्यकर्त्याने अपोलोचं भलं मोठं देऊळ बांधायला घेतलं, ते पूर्ण झालंच नाही, आणि मागे राहिला तो हा दरवाजा. बंदरापासून तिथपर्यंत बांधावरून चालत जाता येतं, वारा असला की लाटा बांधावरून पलीकडे येतात आणि चपला भिजतात. आम्ही संध्याकाळी रोज जायचो, आई एका पडलेल्या संगमरवरी तुकड्यावर बसून राहायची आणि कुणी कुणाला घाई करत नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी कुठलीही बोट पकडायची नव्हती.

बेटावर एसटीसारख्या सरकारमान्य बस आहेत, बंदरावरूनच सुटतात, आयिओस प्रोकोपिओस, आयिया आना, प्लाका या किनाऱ्यांना जातात आणि आत डोंगरातल्या हाल्की, फिलोटी, आपेरांथोस या गावांनाही. उत्तरेच्या टोकाला अपोलोनास म्हणून गाव आहे, तिथे प्राचीन खाणीत एक दाढीवाला पुतळा उताणा पडलेला आहे, साडेदहा मीटरच्या आसपास लांब, अर्धवट कोरलेला, अडीच हजारांहून जास्त वर्षं तिथेच. तिकीट नाही, अगदी शेजारी उभं राहून छिन्नीचे घाव बघता येतात. सांग्री गावाजवळ डिमीटर या धान्यदेवतेचं देऊळ आहे, चहूकडे शेतं आणि मध्ये पांढरा संगमरवर. हाल्कीमध्ये कित्रोन नावाची दारू गाळतात ती महाळुंगाच्या पानांपासून. हो, तेच महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे, ते झाड तिकडे अंगणात बघून आईला काय आनंद झाला, पान चुरगळून वास घेऊन बघितलं तिने. असल्या गोष्टी नमुना कार्यक्रमात बसत नाहीत कारण त्याला दुपार मोकळी लागते.

पारोस त्यामानाने लहान आणि सपाट, पारिकियाचं एकातोंदापिलियानी चर्च, डोंगरातलं लेफ्केस, आणि जुन्या संगमरवराच्या खाणी, जगभरातल्या म्युझियममधले कितीतरी पुतळे याच दगडाचे. समोरचं अँटिपारोस पुंडा धक्क्यावरून दहा मिनिटांवर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, बॅग न उचलता तिसरं बेट झालं. हेच खरं आयलंड हॉपिंग मला वाटतं, मुक्काम एका जागी आणि दिवसा इकडे-तिकडे. ज्यांना अगदीच शांतता हवी त्यांच्यासाठी नॅक्सोसहून एक छोटी जुनी बोट, एक्सप्रेस स्कोपेलिटिस, इराक्लिया, स्किनूसा, कुफोनिसिया करत अमोर्गोसला जाते, ती बेटांवरच्या लोकांची रोजची बोट आहे, त्यात गॅस सिलेंडर, भाजीचे क्रेट आणि शाळेतली मुलं असतात. ती वाऱ्यात खूप हलते हे मात्र सांगून ठेवते, आणि त्या छोट्या बेटांवर हॉस्पिटल नाही, फक्त दवाखाना. बीपी, हृदय वगैरे असलेल्यांनी मुक्काम सिरोस, नॅक्सोस किंवा सँटोरिनी अशा हॉस्पिटल असलेल्या बेटावर ठेवावा.

सँटोरिनी बघायचंच असेल, आणि सगळ्यांना बघायचंच असतं, तर चार रात्रींच्या नियमाला अपवाद करून वाटेवरचं शेवटचं बेट म्हणून दोन रात्री घ्या. ज्वालामुखीचं ते विवर खरोखर श्वास रोखायला लावतं. पण सूर्यास्तासाठी इया गावाच्या गल्लीत चेंगरत उभं राहण्यापेक्षा सकाळी अक्रोतिरीला जा, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटात राखेखाली गाडलं गेलेलं गाव, दोन-तीन मजली घरं, जिने, रांजण तसेच. तिथे 2025 च्या फेब्रुवारीत इतके भूकंपाचे धक्के बसले की हजारो लोक काही दिवस बेट सोडून गेले होते, म्हणून घाबरायला नको पण आपण जिवंत ज्वालामुखीच्या काठावर उभे आहोत याचं भान असलेलं बरं. गर्दीचा तर तिकडच्या लोकांनाच इतका त्रास झालाय की 2025 पासून क्रूझने येणाऱ्यांची संख्या दिवसाला 8,000 वर आणायचं ठरलं आणि ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना माणशी 20 युरो शुल्क लावलंय. क्रूझबद्दल मला विचारतात खूप जण, बॅगा उचलायला लागत नाहीत हे खरंय, ज्यांना चालणं अवघड आहे त्यांच्यासाठी ती सोय मोठी आहे, पण बेटावर चार-सहा तास मिळतात आणि तेही सगळ्यात गर्दीचे. संध्याकाळी बोटी गेल्यावर बेट जे मोकळा श्वास घेतं ते क्रूझवाल्यांना कधी दिसतच नाही.

ग्रीसच पाहिजे असंही नाही. पहिल्यांदाच परदेशात चाललेल्या ज्येष्ठांना मी माल्टा सुचवेन. इंग्रजी ही तिथली अधिकृत भाषाच आहे, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून सगळा देश 316 चौरस किलोमीटर. माल्टाच्या चिरकेवा बंदराहून गोझोची फेरी 25 मिनिटांची, जाताना तिकीटसुद्धा काढावं लागत नाही, पैसे परत येताना घेतात. चार रात्री व्हॅलेटा, चार रात्री गोझो, झालं. गोझोवरची जगंतिया मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडहून जुनी आहेत. ती समुद्रातली दगडी कमान, अझुर विंडो, ती 2017 च्या मार्चमध्ये वादळात कोसळली, तिच्यासाठी म्हणून कुणी जाऊ नका एवढंच. इटलीत सिसिलीच्या त्रापानीहून फाविन्याना अर्ध्या-पाऊण तासावर, बेट सपाट, सायकल भाड्याने घेऊन फिरायचं, शेजारी लेवान्झो आणि मारेत्तिमो. क्रोएशियात स्प्लिटहून ह्वार बेटावरच्या स्टारी ग्राडला कार फेरीने दोन तास. तिथली शेतं बघायलाच हवीत, पारोसहून आलेल्या ग्रीकांनी इसवी सन पूर्व चौथ्या शतकात आखलेले बांध अजून तसेच आहेत, द्राक्षं आणि ऑलिव्ह त्याच तुकड्यांत होतात, युनेस्कोच्या यादीत आहे ते. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून युरो आणि शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) दोन्हीत आलाय त्यामुळे वेगळ्या व्हिसाची भानगड नाही.

जेवणाचं लोक उगाच टेन्शन घेतात. शाकाहारी माणूस ग्रीसमध्ये उपाशी राहत नाही. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा, वरून कांदा आणि ऑलिव्ह तेल, गिगांतेस म्हणजे टोमॅटोच्या रश्शातल्या मोठ्या पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या घेवड्याच्या बियांची उसळ, गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, रेविथाडा म्हणजे मातीच्या भांड्यात रात्रभर भट्टीत ठेवलेले छोले. त्यांच्याकडे उपासाचे दिवस खूप असतात आणि उपासाच्या जेवणाला नीस्तीसिमो म्हणतात, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. पण त्यात कोळंबी, ऑक्टोपस चालतात त्यांना, त्यामुळे शब्दावर विसंबू नका, आत काय आहे ते विचारा, आणि गेमिस्तात खिमा आहे का तेही. छोटी ओट्याची सोय असलेली स्टुडिओ खोली घेतली तर सकाळी पोहे, रात्री मुगाची खिचडी होते, तिकडचे टोमॅटो आणि बटाटे इतके चवीचे की नुसती भाजी पण पुरते. मेतकूट, भडंग, दाण्याची चटणी न्या, पण साजूक तूप, पेढे, पनीर घरातच ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपियन युनियनच्या बाहेरून आत नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, 15 दिवस आधी ही शेवटची मुदत, पण एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून लवकर हात-पाय हलवा. फी जून 2024 पासून मोठ्यांसाठी 90 युरो, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. प्रवासविमा निदान 30,000 युरोचा लागतो, ज्येष्ठांनी त्यात आधीपासूनचे आजार कव्हर होतात का ते एजंटकडून लेखी घ्यावं. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर पासपोर्टच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची डिजिटल नोंद सुरू झालीये, पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो, म्हणून दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आधीच घेतला जाणारा कर, कापतात तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा.

बॅगेचं एक सांगायचं राहिलं, माणशी एकच, जी स्वतःला जिन्यावरून उचलता येईल एवढीच. जुन्या गावांमध्ये गाडी आत जात नाही, दगडी पायऱ्या आणि चढ असतात, हमाल नाहीत.

तर संपादक महोदय, तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे यापुढे असा नमुना कार्यक्रम छापताना त्यात प्रत्येक दिवशी किती तास बंदरात आणि बोटीत जाणार हे लिहा, ट्रॅव्हल कंपनीने दिलेला असला तरी त्यांच्याकडून भरून घ्या. दुसरी म्हणजे पुण्यातल्या टूर कंपन्यांना तुमच्या पानावरून विचारा की ज्येष्ठांसाठी दोन बेटांची, दहा-अकरा रात्रींची, रोज दुपार मोकळी असलेली टूर ते का काढत नाहीत. माझ्या ओळखीतच असे किती तरी लोक आहेत जे अशा टूरला आनंदाने पैसे देतील, त्यांना 6 बेटं नकोच आहेत, त्यांना एक चांगली खोली, समुद्राजवळचा सपाट रस्ता आणि बरोबर मराठी बोलणारी चार माणसं हवीत. आणि भूमध्यावरचं पुढचं पान कृपया मार्च-एप्रिलमध्ये काढा, म्हणजे विसर्जनानंतर निघणाऱ्यांच्या व्हिसाचे अर्ज उघडतानाच ते हातात असेल आणि लोकांना अपॉइंटमेंट, फेरी, खोल्या सगळं नीट बघून ठरवता येईल.

आपली,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे